पाठीचं माप

कात्रीचा आवाज तसा मोठा नसतो. रोह्याला कुंडलिकेच्या काठावर, वाऱ्यात, पुलावरून जाणाऱ्या गाड्यांच्या घरघरीत तो कुणाच्या कानावर गेलाही नसेल. प्रतिक्षाला मात्र तो ऐकू आला, आणि कानांपेक्षा पाठीला जास्त ऐकू आला. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत एक गार रेघ सरकत खाली गेली आणि तिथेच बसून राहिली. तिच्यापुढे नम्रता पाठमोरी उभी होती. तिच्या अंगातल्या मोतिया रंगाच्या ब्लाऊजची पाठ वरपासून खालपर्यंत उभी चिरलेली होती, आणि चिरणारी कात्री प्रतिक्षाच्या हातात होती. तशी चूक कुणाचीच नव्हती. ब्लाऊज साडीच्या दुकानातून नमुना म्हणून आलेला. नम्रता रोह्याच्या कॉलेजातली, पहिल्यांदाच असल्या फोटोला उभी राहिलेली, पाठीत जरा भरलेली पोर. कपडा ढगळ असला तर मागून चिमटे लावायचे, घट्ट असला तर मागून चिरायचा, हा या धंद्यातला रोजचा रिवाज. हर्षदने तर मान वर न करताच सांगितलं होतं, "काप मागनं. मागनं कोण बघतंय?" आणि तिने कापलं होतं. कापताना हात जरासुद्धा अडखळला नाही, हे तिला मागाहून जास्त लागलं.

हा हर्षद पेणचा. साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, लग्नाआधी हौसेने काढून घेतात ते फोटो, कुठे एखाद्या दागिनेवाल्याचा फलक, असल्या कामांत कुणी काय घालायचं आणि ते अंगावर कसं बसवायचं हे ठरवणारा माणूस. स्वतःला स्टायलिस्ट म्हणवून घेतो, आणि खोटं कशाला बोला, कामाला चोख आहे. गेले काही महिने प्रतिक्षा त्याच्या हाताखाली चिमटे, पिना आणि इस्त्री सांभाळत होती. आजही तिने नम्रताच्या निऱ्या अशा बसवल्या की एक इकडची तिकडे नाही. नम्रता दगडावर बसली, पदर पाण्याकडे सोडला, आणि समोरून बघणाऱ्याला वाटावं की ही पोर जन्मतःच पैठणी नेसून आली. मागे नुसती उघडी पाठ, आणि चिरलेल्या कापडाची दोन टोकं वाऱ्यावर फडफडतायत. मध्ये एकदा प्रतिक्षा केस नीट करायला वाकली तेव्हा नम्रता ओठ न हलवता पुटपुटली, "ताई, मागं वारा लागतो." प्रतिक्षाने काही केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच. फोटो सुरू होता आणि हर्षद तिला बाजूला हो म्हणून खुणावत होता. सगळं आटोपल्यावर त्याने तिला चहा पाजला आणि तिच्या भाग्याचं दार उघडल्यासारखं सांगितलं की तो मुंबईला एका नाव झालेल्या बाईंकडे कामाला लागतोय, त्याला हाताखाली भरवशाचं माणूस हवंय, आणि प्रतिक्षाचा हात बसलाय. संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर दुसऱ्या पोरी रांगेत आहेत, असंही तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

पेणच्या एसटीत तिला खिडकी मिळाली. पुढच्या सीटवर एक बाई बसली होती, हिरव्या ब्लाऊजमधली, अंबाड्यात अबोलीचा गजरा. बाईची पाठ शाबूत होती, शिवण सरळ होती, तरी प्रतिक्षाची नजर त्या मधल्या रेघेवरून हलेना. कुणी हात लावला तर ती दोन बाजूंना उकलेल असं तिला वाटत राहिलं. तिने डोळे मिटले, तर तो आवाज पुन्हा आला. मग तिने निगुतीने दुसरा विचार काढला. विचार तोच, वर्षभर चघळून चोथा झालेला: आपण नक्की करायचं काय. पेणला फॅशनच्या कोर्सला नाव घातलं तेव्हा तिला वाटलं होतं की एकदा आत शिरलं की झालं. पुढची वाट आपोआप पायाखाली येईल. आत शिरल्यावर कळलं की तिथे वाटाच वाटा आहेत आणि पाटी एकीवरही नाही. कोर्सच्या दिपिका मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सगळं समजावलं होतं. कुणी चित्र काढून कपडा सुचवतो, कुणी त्या चित्रावरून कागदाचे तुकडे बेततो, कुणी कापड कुठून आणायचं आणि माल केव्हा पाठवायचा ते बघतो, कुणी दुकानाची काच सजवतो, कुणी हर्षदसारखा तयार कपडा माणसाच्या अंगावर शोभवतो. मॅडम म्हणायच्या, ज्या कामात तुझा हात विचारल्याशिवाय चालतो ते तुझं काम. ऐकायला हे छान होतं. पण घरी परतल्यावर ज्याला त्याला प्रतिक्षाचं काम ठाऊक होतं, एक प्रतिक्षा सोडून. भाऊ आदेश डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर होता. तो म्हणे, शिवलेल्या नऊवाऱ्या मोबाइलवर विक, लोक खोऱ्याने ओढतायत. शेजारणी पिको-फॉलची मशीन घ्यायला सांगत. वडील काही बोलत नसत, आणि न बोलणं हेच त्यांचं मत होतं. मॅडमनी कोर्स संपताना तिला बाजूला घेऊन आणखी एक जागा सांगितली होती: धाटावच्या रस्त्याला एक छोटा कारखाना आहे, कंपन्यांतल्या कामगारांचे कपडे शिवतो, तिथल्या मास्तरांना कागद बेतायला हाताखाली कुणीतरी हवंय. ती जाऊन बघून आली होती. मास्तर एका कामगाराला उकिडवा बसवत होते, उठवत होते, हात वर करायला लावत होते आणि दर वेळी खडूने खुणा करत होते. भिंतीवर निळ्या डगल्यांची रांग. ही कसली फॅशन, असं मनात म्हणून ती तिथून निघाली होती, आणि निघताना आपण फार पटकन निघालो असंही तिला वाटलं होतं.

हात विचारल्याशिवाय कुठे चालतो, हे खरं तर तिला लहानपणापासून माहीत होतं. गावात, हमरापुरात, गणपतीच्या मूर्तींना खरं कापड नेसवायची टूम आली तेव्हा ती शाळेत होती. आधी मूर्तीचं पीतांबर रंगातच काढत. मग मुंबईची गिऱ्हाइकं खरं धोतर मागू लागली, खरा शेला, खडे लावलेला फेटा. वडील मूर्तींच्या कारखान्यात साचे उचलायला जात, त्यांच्यामागून ही जायची, आणि बघता बघता तिची बोटं अशी तयार झाली की निऱ्या पाडायला तिला खालीही बघावं लागेना. मूर्तीचं एक बरं असतं. ती हलत नाही, दमत नाही, श्वास घेत नाही. एकदा बसवलेली निरी विसर्जनापर्यंत बसते. आणि मूर्तीला मागची बाजू नसते. असते, पण ती कुणाची नसते. कापडाचं माप पुढूनच घ्यायचं, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, आणि उरलेली टोकं गोंद लावून मागे दडपायची. पाठीला कापड घालणं म्हणजे कापडाची नासाडी. शिवाय घरोघर म्हणतातच की बाप्पाची पाठ बघू नये, तिथे दारिद्र्य बसलेलं असतं. आता हे भक्ताला ठीक आहे. कारखान्यातल्या पोरांनी काय करायचं? ती तर पाठींच्याच गर्दीत वाढली. दिवेलागणीला, कामगार हातपाय धुवायला गेले की ती कधीकधी मागच्या बाजूने आत शिरायची, आणि फळ्यांवर ओळीने पाठीच पाठी, खरबरीत, पांढऱ्या, बिनरंगाच्या. पुढे सगळे सजून बसलेले, आणि मागे हे. लहानपणी ती तिथून पळ काढायची, आपल्या चाहुलीने यातला एखादा वळून बघेल या भीतीने. मोठेपणी पळणं सुटलं, भीती तेवढी राहिली.

नागोठणं गेलं. पुढची बाई उतरली आणि तिच्या जागी कुणी बसलं नाही, तरी प्रतिक्षाला तिथे हिरवा रंग दिसत राहिला. हिरवाच होता तोही. तिने शिवलेला पहिला ब्लाऊज, आईसाठी. कोर्स सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि शिकलेलं कुणावर तरी करून बघायचं म्हणून तिने आईला आरशापुढे उभं केलं. आई, सीताबाई, मिठागरातून नुकतीच आलेली. पोटऱ्यांवर सुकलेला खार, हातांना भेगा. "माज्यावर कशाला कापड घालवतंस?" म्हणत ती उभी राहिली ती मात्र अगदी ताठ, श्वास धरून, पासपोर्टच्या फोटोला राहतात तशी. प्रतिक्षाने तिला हलू दिलं नाही. आणि कपडा झाला तेव्हा काय झाला होता. पुढून एक चुणी नाही. आईने तो अंगाला लावून आरशात बघितलं, शेजारणींना दाखवला, घडी घातली आणि पेटीत ठेवला. कुणाचं लग्नकार्य निघालं की घालीन म्हणाली. मग लग्नं निघाली, हळदी निघाल्या, गावजेवणं झाली, आणि दर वेळी ती म्हणायची, आज नको, आज फार राबायचं आहे, खराब होईल. प्रतिक्षाला ते कौतुकच वाटे. गरिबाघरी नव्या कपड्याची उमर पेटीतच जाते.

मग मिठाचा हंगाम भरात असताना आईच्या छातीत कळ आली. अलिबागला नेलं, पण नेलं तेवढंच. सकाळी गाडी दारात परत आली तेव्हा अंग ताठलं होतं. सवाष्ण गेलेली, म्हणून बायकांनी हिरवी साडी काढली, हिरवा चुडा काढला, हळद-कुंकू काढलं, आणि मालूआत्याने पेटी उघडून तो ब्लाऊज वर घेतला. मालूआत्या म्हणजे वडिलांची बहीण, गावातच दिलेली, आणि जन्मभर आईच्या जोडीने मिठागरावर राबलेली. पोरीच्या हातचा हाय, हाच घालू, ती म्हणाली. तो चढेना. एक हात गेला, दुसरा वळेना. कोपर जिथे होतं तिथे होतं. बायका कुजबुजल्या. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं की मागनं चिरा, चिरतातच. आत्याने शिवणाच्या डब्यातली कात्री आणून प्रतिक्षाच्या हातात ठेवली. "तुज्या हातचा हाय. तूच काप." दोघींनी आईला कुशीवर धरलं आणि प्रतिक्षाने कापलं. तेव्हाही हात अडखळला नव्हता. मग दोन बाह्या दोन बाजूंनी चढवल्या, पुढून गळा सारखा केला, निऱ्या पाडल्या, पदर घेतला. आणि आई इतकी सुरेख दिसली की आलेली माणसं रडायची थांबून बघत राहिली. कुणीतरी म्हणालं, पोरीचा हात काय बसलाय. मागे चिरलेल्या कापडाची दोन टोकं आईच्या अंगाखाली गेली आणि तिरडीचे बांबू उचलले गेले, आणि वर येताना खालून वारा लागला असेल असं प्रतिक्षाच्या मनात आलं. ते जे एकदा आलं ते गेलं नाही.

त्या दिवसापासून ती गार रेघ. थंडीतापाचं काही नव्हतं. वैद्यही झाले, आदेशच्या ओळखीचा डॉक्टरही झाला. पंख्याखाली बसली की येई, गर्दीत कुणी मागून गेलं की येई, पेणच्या बाजारात दुकानाच्या काचेमागचे पुतळे दिसले की हटकून येई, कारण त्या पुतळ्यांच्या पाठीला किती चिमटे असतात हे तिला माहीत होतं. आईचं भूत दिसलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. चेहरा दिसला असता, दोन शब्द बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या. इथे दिसायला काही नव्हतं, नुसता मागून लागणारा वारा. आणि वाऱ्याच्या मागे एक प्रश्न, जो ती कुणाला विचारू शकत नव्हती: आपला हात बसलाय तो न हलणाऱ्या अंगांवरच बसलाय का? बाप्पा हलत नाहीत, आई हलली नाही, फोटोतल्या पोरींना हर्षद हलू देत नाही. जिवंत, चालत्याबोलत्या बाईला आपण कधी काही धड घातलंय का? मॅडमचं वाक्य खरं असेल तर आपलं काम ठरलेलंच आहे, आणि ते आजच मुंबईहून चालत आलंय. मग जीव घाबरतो कशाला? वडखळला गाडी बराच वेळ उभी राहिली. डोलवीकडून सुटलेली पाळी रस्ता ओलांडत होती; धुळकटलेले, खांद्यावर डबे, पाठी घामाने काळ्या. तिने मोबाइल काढला, हर्षदच्या नावावर बोट ठेवलं, "येते" असं लिहिलं आणि पाठवलं नाही. घरी जाऊन पाठवू, तिने ठरवलं. नाही म्हणायला कारण तरी काय होतं? वारा लागतो हे काही कारण नव्हे.

पेणहून विक्रम रिक्षात बसून ती गावात उतरली तेव्हा उन्हं कलली होती. घराला कुलूप होतं. मालूआत्या शेजारीच, ओटीवर जवळा निवडत बसली होती. तिने न विचारता सूप बाजूला सारून जागा केली. प्रतिक्षा बसली. आत्याने रोह्याचं विचारलं, हिने मुंबईचं सांगितलं. आत्या म्हणाली, जा की मंग, तुजा बापूस काय अडवनार हाय. एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर उठून जायला हरकत नव्हती, पण प्रतिक्षा उठली नाही. जवळ्यातल्या काड्या ती उगाच वेचत राहिली आणि मग, खाली बघतच, इतके दिवस तोंडात अडकलेलं बोलून गेली.

"आत्या, आईला मागनं वारा लागला असंल का गो?"

दिवेलागणीला काय इचारतंस, म्हणून आत्या खेकसली. पण तिने काय ते ओळखलं होतं, कारण तिचे हात थांबले. ती खाडीच्या बाजूला बघत राहिली. प्रतिक्षाने सगळं सांगून टाकलं, ती रेघ, तो आवाज, आज नम्रताची पाठ. सांगताना तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. आपण आईला उघडी पाठवली, ती म्हणाली. आत्याने सूप खाली ठेवलं.

"तो बलाऊज तिला आदीपासनाच व्हत नव्हता."

प्रतिक्षाला आधी कळेचना. आत्याने सांगितलं ते तुटक तुटक, कधी कुणाला न सांगितलेलं माणूस सांगतं तसं. ब्लाऊज शिवून झाला त्याच आठवड्यात वाडीत एक हळद होती, आणि आई तो घालून गेली होती. प्रतिक्षा तेव्हा कोर्सला. आई उभी होती तोवर सगळ्या बायका वळून वळून बघत होत्या. मग भाताचं तपेलं उतरवायला ती वाकली, आणि हात पुढे जाईना. मुंढ्यात काचला, पाठीत आवळला, श्वास कोंडला. आत्यानेच तिला मागच्या पडवीत नेऊन तो उतरवला आणि आपला जुना घालायला दिला. काखेत लाल वळ उठले होते. आईने तिथेच आत्याला शपथ घातली.

"बोलली, पोरीचा पयला कपडा हाय. खोड काढली तर कात्री ठेवून देल. जल्मात सांगू नको."

"मग तोच का काढलास पेटीतनं?"

आत्याने तिच्याकडे बघितलं. "तिला लय आवडलेला गो. जित्ती व्हती तवर हात वर करायला लागायचा, वाकायला लागायचा. त्या दिशी कुटं काय करायचा व्हता तिला? मी बोलले, आता तरी घालू दे."

प्रतिक्षा आठवू लागली. आरसा आठवला, आईचा चेहरा आठवला, गळ्याच्या हाडावर ठेवलेली टेप, पोटावर रोखलेला श्वास, हसू दाबलेले ओठ. पाठ आठवेना. कितीही मागे जाऊन बघितलं तरी त्या चित्रात तिला आईची पाठ कुठे सापडेना, आणि मग तिला समजलं की ती सापडणार नव्हतीच. ती आईच्या मागे गेलीच नव्हती. कारखान्याच्या सवयीने तिने या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पुढूनच टेप लावली होती आणि पाठ त्यावरून अंदाजाने बेतली होती. जी बाई जन्मभर ओणवी राहिली, जिचं सगळं आयुष्य मीठ ओढताना, टोपली उचलताना पाठीवर गेलं, तिला तिने बाप्पासारखी समोरून मोजली. लेकरांना, गावाला, आल्यागेल्याला आई दिसायची ती बहुतेक वेळा पाठच. बांधावरून लांबून ओळखायची ती त्या पाठीवरूनच. आणि ती पाठ तेवढी मोजायची राहिली. कापण्याने काही झालं नव्हतं. कात्री येईस्तोवर सगळं होऊन गेलं होतं. हे कळून तिला हलकं वाटलं नाही. उलट आता ज्याच्यासाठी रडायचं ते नेमकं ठाऊक झालं, आणि ती रडली, आणि मालूआत्या जवळ्याचे हात पदराला पुसून तिच्या खांद्यावर ठेवून बसली.

फोन वाजला. हर्षद होता. तिने उचलला आणि येत नाही म्हणून सांगितलं. त्याला आधी चेष्टा वाटली, मग तो चिडला, मग समजावू लागला की असली संधी पेणच्या पोरींना रोज येत नाही. हे खरं आहे, ती म्हणाली. मग काय करणार आहेस, त्याने विचारलं. धाटावला एक मास्तर आहेत, त्यांच्याकडे उद्या जाऊन बघते, असं तिने सांगितलं. कामगारांचे डगले? तो हसला, दुष्टपणाने नव्हे, खरोखरच हसू आलं म्हणून. वेडी आहेस, असं म्हणून त्याने फोन ठेवला. असेनही, तिला वाटलं. मास्तर आता घेतील की नाही याचीही खात्री नव्हती. त्यांच्या कारखान्यातून ती नाक वर करून बाहेर पडली होती, आणि त्यांनी ते बघितलंही असेल. वडील काय म्हणतील, आदेश काय म्हणेल, पुढच्या वर्षी आपण कुठे असू, यातलं काहीच तिला सांगता आलं नसतं. फक्त एक गोष्ट करायची होती आणि ती आत्ताच करायची होती.

तिने पिशवीतून टेप काढली आणि आत्याला उठायला सांगितलं. आत्या उठली आणि सवयीने ताठ उभी राहिली, हात अंगाला चिकटवून. तशी नको, प्रतिक्षा म्हणाली. मीठ ओढताना वाकतेस तशी वाक. येड लागला काय, असं आत्या म्हणाली, इकडेतिकडे कुणी बघत नाही ना ते तिने बघितलं, आणि मग वाकली. पाय फाकवून, गुडघे जरा मोडून, दोन्ही हात पुढे, नसलेलं फावडं धरून. क्षणात ती ओटीवरची आत्या राहिली नाही. प्रतिक्षा तिच्या मागे गेली. जुन्या, विटलेल्या ब्लाऊजच्या खाली ती पाठ आडवी पसरली होती, रुंद, जिवंत, श्वासाबरोबर वरखाली होणारी, आणि कापड काखेपाशी ताणून पातळ झालं होतं. तिने एका काखेपाशी टेपचं टोक दाबलं आणि दुसरीकडे नेऊ लागली. टेप जाते आहे, जाते आहे. जिथे संपेल असं तिच्या शिकलेल्या अंदाजाने वाटलं होतं, त्याच्या कितीतरी पुढे. डोळे भरल्यामुळे आकडा दिसेना. तिने बोटाने जागा धरून ठेवली.

"झाला काय गो?" आत्याने खालून विचारलं. "कंबर धरली माजी."

"झालं, आत्या. जरा थांब."

आत्या थांबली. वाकलेलीच राहिली. खाडीकडून वारा आला आणि तिच्या पाठीवरून, प्रतिक्षाच्या हातावरून गेला. मग आत्या, मान खाली घालूनच, रोजचं काही सांगावं तशी म्हणाली:

"तुज्या आयशीची माज्यापरीस दोन बोटां जास्त धर. आमी एकमेकींचे घालायचो, मना म्हाईत हाय."

प्रतिक्षाने टेपवरची जागा दोन बोटं पुढे सरकवली आणि तिथे घट्ट धरून ठेवली.